पिल्लाला इतर कुत्र्यांची सवय लावताना: लसी, लिफ्ट आणि गेटवरची कुत्री

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅब्राडॉरचं नर पिल्लू 40 दिवसांचं असताना घरी आणलं, आता साडेदहा आठवड्यांचं आहे. लसीचा दुसरा डोस गेल्या आठवड्यात झाला. डॉक्टर म्हणतात, लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका. शेजारी म्हणतात, आत्ताच चार कुत्र्यांत सोडा, नाहीतर भित्रं होईल. लिफ्टमध्ये दुसरा कुत्रा दिसला की पिल्लू पायामागे लपतं आणि केकाटतं. बहिणीकडे सात वर्षांची कुत्री आहे, तिच्याशी ओळख करून द्यायची आहे. सोसायटीच्या गेटवर चार-पाच भटकी कुत्री बसलेली असतात. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात आजच करा, पण पिल्लाला रस्त्यावर खाली न ठेवता. आणि ती खेळण्यापासून करू नका, नुसतं बघण्यापासून करा.

डॉक्टरांची भीती खरी आहे आणि शेजाऱ्यांची घाईही अगदीच चुकीची नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू नवीन गोष्टी 'आपल्यातल्या' म्हणून सहज स्वीकारतो. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात पिल्लांवर वर्षानुवर्षं काम झालं, त्यातून हा काळ पहिल्यांदा नीट मांडला गेला. त्यानंतर दार बंद होत नाही, पण जड होतं. दहाव्या आठवड्यात सहज जमणाऱ्या गोष्टीला सहाव्या महिन्यात बराच जास्त वेळ लागतो. तुमच्या हातात या सोप्या काळातले दीड ते साडेतीन आठवडे उरलेत. लसींचा कोर्स मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो. नुसती वाट बघितली, तर लसी पूर्ण होतील तेव्हा हा काळ निघून गेलेला असेल.

सोळा आठवडे का, हेही समजून घ्या, म्हणजे कुठे काळजी घ्यायची आणि कुठे थोडी मोकळीक चालते ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. आईच्या चिकातून पिल्लाला तयार प्रतिकारशक्ती मिळते. ती हळूहळू कमी होते, पण जोवर ती अंगात असते तोवर लसीला काम करू देत नाही. ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा थोडं पुढे जातात, म्हणजे त्यातला एक तरी डोस नक्की लागू पडतो. दोन डोस झालेलं पिल्लू बऱ्यापैकी सुरक्षित असण्याची शक्यता आहे, पण खात्री नाही. प्राण्यांच्या वर्तनाचं काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने 2008 मध्ये स्पष्ट भूमिका घेतली: पहिला डोस आणि पहिलं जंताचं औषध झालं, डोसनंतर किमान सात दिवस गेले, की स्वच्छ जागी, लस झालेल्या निरोगी कुत्र्यांबरोबर पिल्लाचं मिसळणं सुरू करावं. या वाक्यात 'स्वच्छ जागी' हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

आपल्याकडे खरा शत्रू पार्वो. आजारी कुत्र्याच्या शीमधून हा विषाणू बाहेर पडतो आणि मातीत, फटींत, सावलीतल्या ओलसर जागी कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो. शी दिसत नाही म्हणजे जागा स्वच्छ, असं नाही. तीन ते सात दिवसांत उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते, आणि उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं दगावतात. म्हणून सोसायटीचा लॉन, गेटजवळची माती, भटकी कुत्री झोपतात ते पार्किंग आणि हो, दवाखान्याची फरशी, या चारही जागी सोळाव्या आठवड्याचा डोस होऊन एक-दोन आठवडे जाईपर्यंत पिल्लाचा पंजा लागू देऊ नका. दवाखान्यात मांडीवर घेऊन बसा, वजन करायचा काटाही आधी पुसून घ्यायला सांगा. चालतील अशा जागा: तुमचं घर, लस झालेल्या निरोगी कुत्र्याचं घर (तिथे गेल्या वर्षभरात पार्वोचा आजारी कुत्रा नसावा), भटकी कुत्री चढत नाहीत अशी गच्ची, गाडीची मागची सीट, आणि तुमचे हात.

फिनाइलवर विसंबू नका, पार्वो त्याने खात्रीने मरत नाही. घरगुती ब्लीच एका भागाला तीस भाग पाणी, म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण 30 ते 35 मिली, असं ताजं मिश्रण करा. आधी साबणाने मळ काढा, कारण घाणीवर ब्लीच वाया जातं. मग ते दहा मिनिटं फरशीवर राहू द्या, पाण्याने धुवा आणि जागा सुकल्यावरच पिल्लाला सोडा. बाहेरच्या चपला दाराबाहेर. एवढं केलं की घरातली बाजू सांभाळली.

आता मूळ गोष्टीकडे. 'सोशलायझेशन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दहा पिल्लांचा दंगा येतो. मला वाटतं बहुतेक बिघाड याच समजुतीतून होतात. दिसेल त्या कुत्र्याशी खेळायला मिळालेलं पिल्लू वर्षभरात 30 किलोचं होतं आणि रस्त्यापलीकडे कुत्रा दिसला की मालकाला फरफटत नेतं. जाऊ दिलं नाही तर उड्या मारून भुंकतं. आणि ज्या पिल्लाला त्या दंग्यात एकदा कुणी लोळवलं, ते दुधाने तोंड पोळल्यासारखं पुढे ताकही फुंकून पितं. तुम्हाला हवंय ते असं: कुत्रा दिसला, पिल्लाने पाहिलं, अंग सैलच राहिलं, आणि ते तुमच्या तोंडाकडे बघायला लागलं. हे जमलेला कुत्रा लिफ्टमध्ये, गेटवर, दवाखान्यात, कुठेही निभावून नेतो. खेळायला मोजके दोन-तीन मित्र पुरतात.

हे शिकवायची पद्धत साधी आहे, पण क्रम चुकला तर उपयोग होत नाही. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे पंधरा-वीस तुकडे एका डबीत घ्या. पिल्लाला टॉवेलवर मांडीत घेऊन गाडीत, काच अर्धी उघडी ठेवून, किंवा बाकावर बसा. गेटवरच्या कुत्र्यांपासून पंचवीसेक मीटर लांब. हात डबीपासून दूर. एखादं कुत्रं हललं, पिल्लाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, मनात 'एक' म्हणा आणि मग तुकडा द्या. ते बघत राहिलं तर आणखी एक. कुत्रं दिसेनासं झालं की खाऊ बंद. आधी कुत्रा, मग खाऊ. तुम्ही आधी डबी उघडली तर पिल्लू डबीकडे बघायला शिकेल आणि कुत्र्याशी खाऊचा संबंध जोडलाच जाणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, रोज डबी उघडल्यावरच कुत्रा येतो असं दिसलं, तर त्याला डबीचीच धास्ती बसते.

एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. खाल्लेलं चिकन त्या दिवशीच्या जेवणातून वजा करा. तीन-चार दिवसांत एक क्षण येतो: कुत्रा दिसतो, पिल्लू त्याच्याकडे पाहतं आणि स्वतःहून मान वळवून 'कुठंय माझं?' अशा नजरेने तुमच्याकडे बघतं. तो आला की दोन-तीन पावलं पुढे सरका, त्याआधी नाही. खाऊ तोंडाशी नेऊनही घेत नसेल, तर पिल्लू हट्टी नाही, तुम्ही फार जवळ आहात. दहा पावलं मागे या. त्याचं अंग याहीआधी सांगत असतं: मोकळं तोंड अचानक मिटतं, कान मागे जातात, वजन मागच्या पायांवर जातं, खायला काही नसताना नाक-ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं. यातलं काहीही दिसलं की 'अरे काही नाही होत' म्हणत थांबू नका, अंतर वाढवा.

बहिणीची कुत्री ही मोठी संधी आहे, कारण चांगलं वयस्कर कुत्रं पिल्लाला आठवड्याभरात जे शिकवतं ते आपल्याला महिनाभरातही जमत नाही. पण आधी तिच्याबद्दल चार गोष्टी विचारून घ्या. तिच्या वार्षिक लसी आणि रेबीजची लस चालू आहे का? अंगावर गोचीड-पिसवा नाहीत ना? ती माजावर नाही ना? पूर्वी पिल्लांबरोबर राहिली आहे का, आणि जेवणाच्या भांड्याजवळ कुणी आलं तर गुरगुरते का? सात वर्षांच्या कुत्रीचे सांधे दुखत असतील, उठताना ती कण्हत असेल, तर अंगावर उडी मारणारं पिल्लू तिला अक्षरशः दुखतं. अशा कुत्रीचा स्वभाव कितीही गोड असला तरी भेट जाळीआडूनच ठेवा.

भेट शक्यतो तिचं अंथरूण आणि भांडं नाही अशा खोलीत, किंवा स्वच्छ गच्चीवर. खेळणी, च्यू, वाटी सगळं आधी उचला. माणसं दोन, प्रत्येकी एक कुत्रा. मोठीला आधी अर्धा तास फिरवून आणा. पिल्लू नुकतंच झोपून उठलेलं, शी-शू झालेलं हवं. संध्याकाळी सात-आठला पिल्लांच्या अंगात येतं, ती वेळ टाळा. पिल्लाला साधा हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि दोन मीटरची हलकी दोरी घाला. साखळी नको, ती जड असते आणि ओढली की मानेला लागते.

पहिली पाच मिनिटं मध्ये जाळी किंवा अडसर. दोघं एकमेकांना बघतील, हुंगतील, तुम्ही दोघांना खाऊ द्या. मग अडसर काढून दोघांना चार-पाच मीटरच्या अंतराने एकाच दिशेने चालवा, समोरासमोर नाही. कुत्र्यांच्या रीतीत नाकासमोर सरळ चालत येणं हे उद्धटपणाचं. मवाळ कुत्रा अर्धवर्तुळ घेऊन, बाजूने येतो. तुम्हीही तसंच वळण घेत जवळ आणा. मोठीला पिल्लाचा मागचा भाग हुंगू द्या, मनात तीन आकडे मोजा, आणि दोघांना आनंदी आवाजात आपापल्या बाजूला बोलावून खाऊ द्या. पुन्हा तीन आकडे, पुन्हा बोलावणं. दोरी सतत सैल हवी, ती ताणली की कुत्र्याची छाती पुढे येते, मान ताठ होते आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. चार-पाच फेऱ्यांनंतर दोघांचंही अंग सैल असेल तर दोरी हातातून सोडा, जमिनीवर घासत राहू द्या. म्हणजे लागलीच तर दोरी पकडता येते, मध्ये हात घालावा लागत नाही.

खोलीत एक खुर्ची किंवा ठेंगणं टेबल ठेवा, ज्याखाली पिल्लू शिरेल पण मोठी शिरणार नाही. लोक हे विसरतात आणि मग पिल्लू तुमच्या पायांवर चढू लागतं. पळायला जागा असली की पिल्लू धीट होतं: आत जातं, दम खातं, परत बाहेर येतं. दहा मिनिटं झाली की सगळं छान चाललेलं असतानाच थांबवा आणि दोघांना वेगळ्या खोल्यांत झोपू द्या. या वयाची पिल्लं दिवसातले अठरा तास झोपतात. दमलेलं पिल्लू चावरं होतं, आणि भेटी बिघडतात त्या बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत.

एक चूक फार दिसते, म्हणून वेगळी सांगतो. पिल्लाला दोन्ही हातांत धरून मोठ्या कुत्र्याच्या नाकासमोर नेणं आणि 'बघ, बाळ आलंय' म्हणणं. पिल्लाचे पाय हवेत, पळायला वाट नाही. मोठीला वरून कुणीतरी अंगावर आल्यासारखं वाटतं. दोघांचीही कोंडी. उचलून घेतलेल्या पिल्लाने लांबूनच बघायचं, भेट मात्र चारही पाय जमिनीवर असतानाच.

मोठी गुरगुरली तर? तिला ओरडू नका. पिल्लाने तिच्या कानाला लोंबायला सुरुवात केली की ती आधी मान फिरवेल, मग ओठ उचलेल, मग गुरगुरेल, आणि तरी ऐकलं नाही तर एकदा 'खॅक' करून हवेत तोंड मारेल. हीच तिची भाषा. ठीक असलेला दम आवाजाला मोठा, वेळेला एक-दोन सेकंदांचा, दात न रुतवता, आणि पिल्लू मागे सरकताच संपणारा. पिल्लू दचकतं, अंग झटकतं आणि मिनिटाभरात हळूच परत येतं. गुरगुरण्याला मारलं की कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि पुढच्या वेळी थेट चावतं. ताबडतोब मध्ये पडायचं ते वेगळ्या लक्षणांवर: मोठी आवाज न करता ताठ उभी राहून टक लावते, पळालेल्या पिल्लाचा पाठलाग करून दाबते आणि सोडत नाही, मान धरून झटकते, किंवा पिल्लू थांबायलाच तयार नाही आणि ती थकली आहे. शेवटच्या प्रसंगात पिल्लाला उचलून बाजूला न्या. त्याला दिवसभर शिस्त लावणं हे तिचं काम नाही.

तुमचं पिल्लू 40 दिवसांचं असताना आलं, त्याचा परिणाम इथे दिसेल. सहाव्या ते आठव्या आठवड्यात भावंडं एकमेकांना चावून चावून शिकतात की इतक्या जोराने चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ बंद पडतो. हे शिकायचे दोन आठवडे त्याचे हुकले. आपल्या देशात 2017 च्या श्वानप्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी 30-35 दिवसांची पिल्लं सर्रास दिली जातात. भरून काढायला त्याच्या वयाचं, साधारण त्याच्या अंगाचं, लस झालेलं एखादं पिल्लू शोधा आणि आठवड्यातून एक-दोनदा दहा-पंधरा मिनिटं खेळू द्या. एक किंवा दोन, सहा नाही. तुमच्या लॅबबरोबर दीड किलोचा पॉमेरेनियन सोडू नका. प्रेमाने टाकलेला पंजाही त्याचं हाड मोडू शकतो.

चांगला खेळ कसा ओळखायचा? जवळ बसून अर्धा मिनिट बघा. एकजण पुढचे पाय पसरून छाती जमिनीला लावतो, ढुंगण वर, शेपूट सबंध अंगासकट हलते. दुसरा उडी मारतो, दोघं लोळतात, तोंडं उघडी आणि सैल, दातांवर दात आपटल्याचा आवाज येतो पण कुणी केकाटत नाही. खाली असलेला दहा सेकंदांत वर येतो. मोठ्या अंगाचा स्वतःहून पाठीवर पडून लहानग्याला वर येऊ देतो. मग दोघं अचानक थांबतात, कुणी जमीन हुंगतं, कुणी अंग झटकतं, आणि पुन्हा सुरू. या अदलाबदली आणि हे थांबे म्हणजे खेळ. एकच सारखा पाठलाग करतोय, दुसरा शेपूट पायांत घालून कोपरा शोधतोय, तर तो खेळ नाही, मग मालक कितीही हसत असोत. शंका आली तर वरचढ पिल्लाला पाच सेकंद धरून ठेवा. दबलेलं पिल्लू मोकळं झाल्यावर परत त्याच्याकडे आलं तर खेळू द्या. लांब गेलं तर त्याचं उत्तर मिळालं, आजचा खेळ संपवा.

लिफ्टमधला त्रास मात्र आजपासूनच थांबवता येईल. चार बाय पाच फुटांच्या बंद खोलीत, दोरीने बांधलेलं, पळायला जागा नाही, समोर अनोळखी कुत्रा: मोठ्या कुत्र्यालाही जड जाणारा हा प्रसंग आहे. लिफ्ट उघडली आणि आत कुत्रा असेल तर हसून 'या तुम्ही, आम्ही पुढच्या लिफ्टने येतो' एवढंच म्हणा. तुम्ही आत असताना कुणी आलं तर कोपऱ्यात पिल्लू, त्याच्यापुढे तुमचे पाय, आणि खाऊ जमिनीवर एकेक टाकत रहा म्हणजे त्याची मान खाली राहील. 'आमचा काही करत नाही हो' म्हणत दोरी ढिली सोडणारे शेजारी प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचा कुत्रा काही करत नसेलही, पण अंगावर धावत येणं हे तुमच्या पिल्लासाठी 'काहीतरी'च आहे. 'त्याचं शिकवणं चालू आहे, आज नको' हे न चिडता, पण ठाम सांगा आणि हात आडवा धरा. थोडा संकोच होईल. पण पिल्लाच्या बाजूने बोलणारं तिथे दुसरं कुणीच नसतं.

केकाटल्यावर दोरीला हिसका देऊ नका, दटावू नका. त्याला कुत्रा दिसतो आणि गळ्याला दुखतं, हे दहा वेळा झालं की कुत्रा दिसणं म्हणजे दुखणं हेच तो शिकतो. उलट, घाबरल्यावर जवळ घेतलं तर भित्रेपणा वाढतो ही समजूत सोडून द्या. भीती ही खोड नाही की लाड केल्याने वाढेल. शांतपणे अंगाशी घ्या आणि तिथून निघा.

आता गेटवरची कुत्री. ती तिथली रहिवासी आहेत, त्यांची हद्द आहे, आणि तुमच्या पिल्लाचे मित्र होणं हे त्यांचं काम नाही. काही वर्षांच्या ओळखीने होतातही, पण ते ध्येय ठेवू नका. कानाला 'व्ही' आकाराची खाच दिसली तर नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी रेबीजची लस दिलेली असते, एवढंच त्यातून कळतं. पार्वो-डिस्टेंपरची लस झाली आहे असं नाही, रेबीजचा पुढचा डोस झाला असंही नाही. तुम्ही आधी त्यांचा दिनक्रम बघा: कुणी खायला घालतं ती वेळ, ती पहुडतात ती दुपार, टोळी जागी होते ती रात्री दहानंतरची वेळ. कुणी व्यायलेली कुत्री जवळपास असेल तर तो रस्ता दोन महिने सोडून द्या. जेवणाच्या वेळी तिथून जाऊ नका. सकाळी सहा-साडेसहाला ती बहुधा निवांत असतात, आणि उन्हाळ्यात डांबर पोळत नाही ती वेळही हीच.

लसी पूर्ण झाल्यावर गेटमधून पायी जाताना त्यांच्या मधून न जाता कमान घेऊन जा. एखादं उठून यायला लागलं तर पळू नका, किंचाळू नका. पिल्लू उचलण्याएवढं लहान असेल तर ती लांब असतानाच शांतपणे उचला. ती पायाशी आल्यावर उचललं तर ती उड्या मारतात. मोठं झालं असेल तर त्याला मागे घ्या, तुम्ही मध्ये उभे रहा, आणि बिस्किटं किंवा कोरडं खाणं मूठभर त्यांच्या बाजूला, जमिनीवर विखरून फेका. ती हुंगायला लागतात तेवढ्यात तिरकं चालत निघून जा. बंद छत्री जवळ ठेवा. त्यांच्या दिशेने फटकन उघडली की बहुतेक कुत्री थबकतात. मारायला नाही, मध्ये आडोसा म्हणून. गेटच्या वॉचमनशी ओळख ठेवा. कोणतं कुत्रं मवाळ आणि कोणतं हद्दीचं कडक, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

चावा किंवा रक्त येईलसा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लाची रेबीजची लस झालेली असली तरी चाव्यानंतरचे डोस लागतात, आणि तुमच्या हाताला लागलं असेल तर तुम्हालाही. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. पहिली रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर द्यायची असते, ती एक दिवसही लांबवू नका. पावसाळा जवळ असेल तर लेप्टोची लस कोर्समध्ये आहे ना हे डॉक्टरांना विचारा आणि डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून तो आजार त्यात येतो.

पुढच्या साडेपाच आठवड्यांत रोज नवीन कुत्रा हवा असं नाही. आठवड्यातून चार दिवस लांबून बघणं, दोन दिवस बहिणीची कुत्री किंवा ते एक पिल्लू, आणि एक दिवस काहीच नाही. तो रिकामा दिवस गाळू नका. लांबून बघताना कुत्र्यांत वैविध्य ठेवा: काळा, झुबकेदार केसांचा, चपट्या नाकाचा, कान ताठ असलेला. चपट्या नाकाची कुत्री घोरल्यासारखा श्वास घेतात, अनोळखी पिल्लाला ते गुरगुरणं वाटतं. काळ्या, केसाळ तोंडावरचे भाव त्याला वाचता येत नाहीत. असे कुत्रे आधी लांबून पुरेसे बघितलेले असावेत.

इतकं करूनही चौदाव्या आठवड्यात पंचवीस मीटरवरचा कुत्रा पाहून पिल्लू खाऊ घेत नसेल, थरथरत असेल, किंवा नंतर अर्धा तास जागेवर येत नसेल, तर 'मोठं होईल तसं सुटेल' म्हणून थांबू नका. आधी डॉक्टरांकडून कान, पोट, सांधे तपासून घ्या. मग वर्तनाचं काम करणारा प्रशिक्षक शोधा. पहिल्या भेटीतच चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) किंवा करंटचा पट्टा काढणाऱ्याला नमस्कार करून परत या.

सगळं छान जमलं तरी सहाव्या ते दहाव्या महिन्यात एक वळण येईल. वयात येताना कालपर्यंत निवांत असलेला कुत्रा अचानक कचऱ्याच्या पिशवीवर भुंकतो, ओळखीच्या नरासमोर छाती काढतो. शिवाय चार-पाच महिन्यांपर्यंत मोठी कुत्री पिल्लाचे जे लाड चालवून घेतात ते बंद होतात, आणि त्याला कारण न कळता दम बसू लागतो. मालक इथे दोन चुका करतात: एक तर घाबरून बाहेर नेणं बंद करतात, किंवा 'कळायलाच हवं आता' म्हणून गर्दीत नेतात. त्या आठवड्यात पुन्हा डबी घ्या, पुन्हा पंचवीस मीटरवर बसा. या वेळी मांडीवर नाही मावणार, शेजारी बसेल. पहिल्याच बैठकीत कुत्रा दिसल्यावर तो तुमच्याकडे वळून बघेल, कारण अकराव्या आठवड्यात शिकलेलं त्याच्या अंगात असतं. तिथून पुन्हा दोन-दोन पावलं पुढे सरका.